विकत घेतलेलं वादळ

मोकदो, २० मार्च

हेरिम,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर केला, याबद्दल आधी माफ कर. पत्र आलं तेव्हा समुद्रातल्या शेवाळाची कापणी ऐन भरात होती. नंतर उजव्या अंगठ्याला दोराचा काच बसला आणि तो असा सुजला की पेन धरवेना. तुझी आजी म्हणाली, मी लिहिते. पण तिचं लिहिणं 'जेवतेस ना' याच्यापुढे जात नाही. फोन करावा, तर मला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि आपल्या घरातलं सगळं शेजारच्यांना कळतं.

तुझ्या पदवीदानाला आलो नाही, तेही मनात खुपतंय. तुझा बाप उल्सानहून आला होता का? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणजे आला नसणार.

नोकरीच्या अर्जाला लावायचा म्हणून काढलेला तुझा फोटो पाहिला. खरं सांगतो, मी आधी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. तुझी हनुवटी कुठे गेली? ती आजीची हनुवटी आहे, रुंद, हट्टी. फोटोवाल्यानं ती तासून टाकली. आणि तो काळा कोट तू घातलेलाच नव्हता, कॉम्प्युटरवर चढवला, असं तूच लिहितेस. अंगावर नसलेला कोट आणि आपला नसलेला चेहरा, आणि कंपन्या ते बघून माणूस निवडतात. मला शिसारी आली. आजीनं फोटो कपाटाला लावलाय, पण जाता-येता ती त्या मुलीकडे पाहुण्यासारखी बघते.

गावप्रमुख बानचा मुलगा ग्यूते, तुझ्या वर्गात होता तो, त्यानंही या वर्षी व्यापाराची पदवी घेतली. त्याच्या नावाचा कापडी फलक कसा करायचा हे बाननं आत्ताच ठरवून ठेवलंय, नोकरीचा पत्ता नसताना. पुलाच्या तोंडाशी कठड्याला तीन जुने फलक अजून आहेत. एकाचा मुलगा सरकारी परीक्षा पास, एकाची मुलगी बँकेत, एकाचा जावई जहाजाच्या कंपनीत. बेटावर येणारा प्रत्येक माणूस आधी ते वाचतो आणि मग आमच्याकडे बघतो.

मी बानकडे गेलो होतो. मच्छीमार सोसायटीत तुझ्यासाठी शब्द टाकावा म्हणून. तुला आवडणार नाही, पण गेलो. त्यानं विचारलं, काय शिकली? मी म्हटलं, तत्त्वज्ञान. तो म्हणाला, "मग काका, तिला म्हणावं सोलमध्ये भविष्य सांगायचं दुकान टाक, त्यावर 'तत्त्वज्ञान' अशीच पाटी असते. पहिली पत्रिका आमच्या ग्यूतेची." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

आता तू विचारलंस ते. अर्जात 'घरातून काय शिकलात' असा रकाना असतो आणि त्यात काय लिहावं ते सुचत नाही, म्हणतेस. लहानपणी तू त्या वादळाचं विचारायचीस आणि मी टाळायचो. तर ऐक. तुझा बाप तेव्हा शाळेत जायला लागला होता. उजाडताना वारा फिरला. बानचा बाप, म्हातारा बान, घाईनं होडी आत आणत होता. तो माझ्या शेवाळाच्या दोरांत शिरला आणि होडीच्या इंजिनाच्या पंख्यात दोर गुंतला. होडी लाटेला आडवी झाली. मी माझी होडी घेऊन गेलो. गुंता सोडवायला वेळ नव्हता. माझा मुख्य दोर कापला तरच तो सुटणार होता, आणि मुख्य दोर कापला की त्याला लटकलेलं शेवाळाचं सगळं शेत जातं. मी कापला. म्हातारा वाचला, माझं शेत समुद्रात गेलं. पुढे तो गावभर सांगत सुटला की बोंगसूचे, म्हणजे माझे, दोरच वाटेत होते. बानच्या घरातून आजवर आभाराचा एक शब्द आलेला नाही. जुन्या माणसांना सगळं ठाऊक आहे, पण प्रमुखाच्या घरचं कोण बोलणार. पोरांना तर कुणी सांगितलेलंच नाही.

हे तुला सांगितलं, कारण तू विचारलंस. कंपनीला सांगायची ही गोष्ट नाही.

आजीनं वाळवलेलं शेवाळ पाठवलंय. सूप करून पी.

आजोबा


सोल, ९ एप्रिल

आजोबा,

अंगठ्याला मलम लावताय की नुसतंच फडकं गुंडाळून समुद्रात जाताय? आजीला विचारणार आहे, खोटं सांगू नका.

फोटोबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी खूप दिवसांनी हसले. पण खऱ्या हनुवटीचा फोटो लावला तर अर्ज उघडतसुद्धा नाहीत. मुलाखतीला गेलं की बाकावर आम्ही सगळ्या त्याच काळ्या कोटात, त्याच अंबाड्यात बसलेल्या असतो. दार उघडून एक माणूस नाव पुकारतो आणि क्षणभर आमचं आम्हालाच कळत नाही, कोण उठायचं.

तुम्ही नको म्हणालात, तरी मी वादळ अर्जात लिहिलं. रागवा. माझ्याकडे दुसरं होतं काय? 'तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट आणि त्यातून तुम्ही काय घडवलं', असं विचारतात. माझं आयुष्य म्हणजे शाळा, शिकवणी, कॉलेज आणि संध्याकाळी कॉफीच्या दुकानात कप धुणं. त्या अर्जावर मला एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. समोर तिघे बसले होते. मधल्यानं कागद वर धरला आणि म्हणाला, "अगदी सिनेमासारखं आहे. कुणाकडून लिहून घेतलंत?" मी म्हटलं, माझ्या आजोबांचं आहे. तो म्हणाला, मग नोकरी आजोबांना देऊ. तिघेही हसले. मग तत्त्वज्ञान शिकून हात बघता येतो का ते विचारलं, लग्न कधी करणार ते विचारलं, आणि आभार मानले.

आजीला सांगा, शेवाळ आता पाठवू नको. इथे परीक्षा आणि मुलाखतीच्या आधी शेवाळाचं सूप कुणी पीत नाही, बुळबुळीत असतं, माणूस घसरून नापास होतो म्हणतात. माझा विश्वास नाही. पण खोल्यांच्या मधलं स्वयंपाकघर एकच आहे आणि मी पातेलं चढवलं की बाकीच्या मुली आपापली भांडी उचलून बाहेर जातात.

खोलीत आडवी झाले की पाय टेबलाखाली जातात. पण उबदार आहे. काळजी करू नका.

हेरिम


मोकदो, १७ जून

हेरिम,

सूप प्यायलं की घसरतं, हे आजीला सांगायला नको होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच ती अफवा उठवली. मग म्हणाली, "ह्या बेटावरची पोरं आईच्या पोटात असल्यापासून शेवाळ खातात, मग तर एकही पास होणार नाही. ग्यूतेसुद्धा." ग्यूते खरंच दोन ठिकाणी नापास झालाय. आजीला त्याचा जरा आनंद झाला. मी तिला रागावलो, पण खोटं का बोलू, मलाही झाला.

वादळ लिहिलंस ते वाचून मी रागावलो होतो. आता राग नाही, पण मनातून जात नाही. दुसऱ्याच्या तोंडून खरं-खोटं ठरवून घ्यायला ते तिथे नेलंस, आणि ते हसले. मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली. समुद्रात कधी न गेलेला माणूसच दुसऱ्याला संकट विचारतो. जो गेलाय तो विचारत नाही, तो दोर फेकतो.

मला रात्री झोप लागत नाही. म्हणावंसं वाटतं, परत ये. मग सकाळी शेडमध्ये चौघी जणी वाकून शेवाळ निवडताना बघतो, त्यांची बोटं, त्यांच्या कंबरा, आणि म्हणतो, येऊ नकोस. तुझ्या अंगाला हा वास लागू नये म्हणूनच तुला शिकवलं. आता चावडीत म्हातारे विचारतात, चार वर्षं काय शिकली, आणि मला सांगता येत नाही. शाळेतल्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मोठा विषय आहे. एवढंच. मोठा आहे हे मलाही माहीत आहे, फी मीच भरत होतो.

काहीतरी असं कळव की जे मी चार माणसांत बोलू शकेन.

आजोबा


सोल, २८ सप्टेंबर

आजोबा,

उन्हाळाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

मला काम लागलं. लिखाणाचं काम आहे. छोटं कार्यालय आहे, चौथ्या मजल्यावर. आम्ही सगळ्या मुलीच आहोत, कुणी इतिहासाची, कुणी साहित्याची, तत्त्वज्ञानाची मी एकटी. आमच्या संचालकबाई म्हणतात, तुझ्या वाक्यात वजन आहे. पगार वेळेवर मिळतो. खिडकी असलेली खोली घेतली आहे.

याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. आणि आजोबा, गावात कुणाला सांगू नका. काम टिकतं की नाही ते आधी बघू दे.

आजीला सांगा, आता शेवाळ पाठवलं तरी चालेल.

हेरिम


मोकदो, २ डिसेंबर

हेरिम,

आधी माझी चूक सांगतो. तू सांगू नका म्हणालीस आणि मी तुझ्या नावाचा फलक करायला टाकला. ग्यूतेला एका मोठ्या कंपनीत घेतल्याची बातमी आली, त्याचा फलक पुलावर चढला, एवढा मोठा की खालून जाताना टेम्पोवाल्याला दिवे लावावे लागतील, आणि मला राहवेना. वांदोला फलकवाल्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, 'थाक बोंगसू यांची नात हेरिम, सोलच्या लेखन कार्यालयात रुजू. अभिनंदन.' कार्यालयाचं नाव विचारलं, ते मला येईना. मग त्यानं तिथे एक फूल काढलं. ग्यूतेच्या फलकाच्या शेजारी तो लागलाय. आजी रोज काहीतरी काम काढून पुलापर्यंत जाऊन येते.

आता दुसरं. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

शनिवारी बाननं गावजेवण घातलं. डुक्कर कापलं, आंबवलेली पाकट मासळी आणली, सोजू दारूचे खोके आणले. ग्यूते चांगला मुलगा आहे, प्रत्येक म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी प्याला भरत होता. मलाही भरला. मग त्याच्या दोस्तांनी टेबल वाजवून विचारलं, मुलाखतीत असं काय बोललास? तो लाजत उभा राहिला आणि बोलू लागला.

हेरिम, त्यानं वादळ सांगितलं. उजाडताना फिरलेला वारा. पंख्यात गुंतलेला दोर. मुख्य दोर कापला तर सगळं शेत जाणार, हे ठाऊक असून सुरी चालवणारा माणूस. फक्त तो माणूस त्याचा आजोबा होता, आणि होडीत अडकलेला शेजारी. म्हणाला, समोरच्या साहेबांपैकी एकानं चष्मा काढून पुसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या टेबलावरचे म्हातारे आपापल्या वाडग्यात बघत बसले.

ग्यूतेला वाटलं असावं की ही एक रचलेली गोष्ट आहे, हसण्यावारी नेण्याची. त्यानं बापाकडे बघून डोळा घातला. पण बानला माहीत होतं. तो तेव्हा विशीचा होता, धक्क्यावर उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या जेवणाच्या काड्या हवेत थांबल्या. मला वाटलं आता हा काहीतरी विनोद करून विषय बदलेल. त्यानं पाकटीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाला, "होय. माझे वडील तसेच होते."

पाकट मी आयुष्यभर खात आलो. त्या दिवशी तिचा वास डोक्यात गेला. मी उठून बाहेर आलो, चपला सापडेनात, तसाच अनवाणी धक्क्यापर्यंत गेलो आणि सगळं ओकलो.

ते वादळ मी तुला सोडून कुणाला सांगितलेलं नाही, आजीला सांगायची गरजच पडली नाही, ती तेव्हा माझ्याबरोबरच होती. मग ग्यूतेकडे कसं गेलं? तुमची भेट झाली होती का? तू त्याला प्रेमानं सांगितलं असशील तर तसं सांग, मी काही बोलणार नाही. फक्त सांग.

आजोबा


सोल, १२ जानेवारी

आजोबा,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही. तुमचं पत्र उशीखाली होतं.

ग्यूतेला मी शाळेनंतर भेटलेली नाही. आमचं कार्यालय काय करतं ते आता सांगते. लोक येतात, पैसे भरतात, आणि आम्ही त्यांचे आत्मपरिचय लिहितो. नोकरीच्या अर्जातले. संकट, शिकवण, स्वप्न, सगळं. गिऱ्हाईक आम्हाला दिसत नाही, बाई फक्त क्रमांक देतात आणि 'मुलगा, समुद्रकाठचा, व्यापाराची पदवी' असं दोन ओळींत सांगतात. मी दिवसाला दोन बालपणं लिहिते. कडक पण प्रेमळ वडील, आजारी आई, शेवटच्या मिनिटाला जिंकलेला सामना. संध्याकाळी तोंड धुतलं तरी ती वाक्यं जिभेवर चिकटलेली असतात. स्वतःचीच घाण येते.

ऑक्टोबरमध्ये एका समुद्रकाठच्या मुलाचा क्रमांक आला. डोकं चालेना. मी वादळ दिलं. तो ग्यूते असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते ठेवून घेतलं आणि गावं बदलून दुसऱ्यांनाही विकलं, मला न विचारता.

आणि हे ऐका. ग्यूतेला घेणारी कंपनी तीच आहे. कुणाकडून लिहून घेतलंत, असं मला विचारणारी. माझं खरं त्यांना बनावट वाटलं आणि त्याचं विकतचं ऐकून चष्मा पुसला.

आता खरी गोष्ट. बाईंकडून कळलं, गेल्या आठवड्यात त्या कंपनीत नव्यानं लागलेल्या लोकांचं शिबिर होतं. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापली ओळख सांगायची असते. ग्यूतेनं वादळ सांगितलं. त्याच्यानंतर दोघं सोडून एक मुलगा उठला, त्यानंही वादळच सांगितलं. तो कांगवॉनच्या डोंगरातला आहे, त्याच्या गावात ओढासुद्धा नाही. आता चौकशी चालू आहे. डोंगरवाल्याचं काही खरं नाही. पण ग्यूतेचं गाव समुद्रात आहे, म्हणून कंपनीचा माणूस मोकदोला येऊन विचारणार आहे. गावातल्या जुन्या माणसानं 'होय, ह्याच्याच आजोबांनी दोर कापला' असं म्हटलं, तर ग्यूते राहील.

आजोबा, तुम्ही तसं म्हणा. तुम्हाला श्रेय कधीच नको होतं. ग्यूतेनं चोरी केली नाही, सगळे घेतात तसं त्यानं घेतलं. त्याची नोकरी माझ्यामुळे जाऊ नये. आणि त्यानं कुठून घेतलं हे बाहेर आलं तर आमचं कार्यालय बंद होईल, बाई म्हणतात, लिहिणाऱ्यांचीही नावं घेतली जातील. तेही खरं आहे, तुमच्यापासून लपवत नाही.

माझा फलक काढून टाका.

हेरिम


मोकदो, ३० जानेवारी

हेरिम,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी बान आमच्या दारात आला. पेअरची पेटी घेऊन. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं आमच्या उंबऱ्यात चपला काढल्या. आजीनं पेटी आत घेतली नाही, बाहेरही ठेवली नाही, दारातच राहू दिली, म्हणजे येणारा-जाणारा तिला अडखळेल.

तो गुडघ्यावर बसला. म्हणाला, काका, पोरगं निर्दोष आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग म्हणाला, वडील तर गेले, तुम्हीही वाचलात, तेही वाचले, कुणी कुणाचा दोर कापला याला आता काय अर्थ आहे? इतकी वर्षं मला वाटायचं की ह्या माणसाला लाज वाटते, म्हणून तो बोलत नाही. तसं काही नव्हतं. त्याला ते फक्त आठवत नव्हतं, कारण आठवायचं काही काम पडलं नव्हतं. आता काम पडलं. मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, विचार करतो.

विचार केला. खोटं सांगत नाही, तुझ्यासाठी मी 'होय' म्हणणार होतो. ग्यूतेसाठीही. आजीला सांगितलं. ती म्हणाली, म्हण, तुझ्याच्यानं होत असेल तर. तिनं दुसरं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. तरुण, गोरा, बोलायला मऊ, बूट इतके स्वच्छ की धक्क्यावर कुठे पाय ठेवावा ते त्याला कळेना. चावडीत आम्हा म्हाताऱ्यांना बसवलं, प्रत्येकाला औषधी सरबताची बाटली दिली. बान माझ्या शेजारी बसला होता, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. त्या माणसानं माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, आजोबा, त्या वादळात दोर कुणी कापला?

मी 'म्हाताऱ्या बाननं' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो हसून म्हणाला, "घाबरू नका, आम्हाला फक्त एवढंच बघायचंय की गोष्ट खरी आहे की नाही. आमच्या कंपनीत प्रामाणिकपणाला फार किंमत आहे." ते हसू बघून तुझ्या समोर बसलेले ते तिघे मला दिसले. मी म्हटलं, मी कापला.

बानचा गुडघा बाजूला झाला. तो माणूस वहीत काहीतरी लिहू लागला. मी म्हटलं, थांबा, पुढचंही लिहा. तुम्ही पंचवीस वर्षांच्या पोरांकडे वादळ मागता. त्यांच्याकडे ते कुठून असणार? त्यांना वादळ बघायला लागू नये म्हणून तर आम्ही मेलो. मागितलंत म्हणून त्यांनी विकत आणलं. जिनं फुकट आणि खरं आणलं होतं, तिला तुम्ही हसून घरी पाठवलं. ग्यूतेला काढणार असाल तर ज्यानं तो प्रश्न काढला त्यालाही काढा.

मला वाटलं त्याला राग येईल. त्याला राग आला नाही. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला, भारावून गेल्यासारखा, आणि विचारलं की ही गोष्ट आमच्या कंपनीच्या मासिकात छापली तर चालेल का, तुमच्या फोटोसकट. हेरिम, मी आयुष्यभर माशांची आतडी काढली, पण अशी किळस मला कशाचीही आली नाही. मी सरबताची बाटली त्याच्या पिशवीत परत ठेवली आणि घरी आलो.

ग्यूतेला काढलं. दुसऱ्यालाही काढलं असणार. ग्यूते परवा बापाच्या होडीवर कामाला लागला. काल माझ्याकडे आला, मला वाटलं भांडायला आला. तो बसला आणि म्हणाला, मला कुणीच सांगितलं नव्हतं, आजोबा. मी म्हटलं, मीही नव्हतं सांगितलं. थोडा वेळ आम्ही जाळ्याची गाठ सोडवत बसलो. जाताना त्यानं तुझा पत्ता विचारला. कशाला हवा, असं मी विचारलं, तर म्हणाला, शिव्या द्यायला, आणि जरा हसला. मी दिला नाही.

खरं बोललो म्हणून मला बरं वाटत नाही. लोकांना वाटतं बोंगसूनं चाळीस वर्षांचा सूड घेतला. बानची बायको मला बघून वळते. त्यांचा फलक अजून पुलावर आहे, बान काढत नाही आणि दुसरं कुणी हात लावत नाही, सगळे मान खाली घालून त्याच्याखालून जातात. तुझा मी स्वतः उतरवला. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या, शिडी लावून. कुणी विचारलं, का काढता? मी म्हटलं, त्यात लिहिलंय ते मला नीट माहीत नव्हतं.

तू सांगितलेलं मी केलं नाही. तू माझ्यावर रागावली असशील. त्या कार्यालयाचं काय झालं, तुझं नाव कुणी घेतलं का, मला काहीच कळत नाही. आजीनं तुला फोन लावून बघितला, एकदा नाही, पुष्कळदा. बंद आहे म्हणतो. मी घरमालकिणीला लावला आणि ओरडलो, ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि आजीला तिचं सोलचं भरभर बोलणं समजलं नाही. मी वांदोला जाऊन बसचं विचारून आलोय. पण ह्या पत्त्यावर तू नसलीस, तर सोलमध्ये तुला कुठे शोधू?

लोक विचारतात, नात काय करते. मी म्हणतो, अजून कळलं नाही. राग असेल तर तोही लिही. परत यायचं असेल तर ये, मागे नको म्हणालो होतो ते सोडून दे. यायचं नसेल तर येऊ नकोस. तिथे भांडी घासत असशील तर भांडी घासते असं लिही, काहीच करत नसशील तर काहीच करत नाही असं लिही. मला त्याची लाज वाटणार नाही. फक्त जे आहे ते त्याच्या नावानं लिही, दोन ओळी पुरेत, आणि लवकर लिही.

आजोबा